वादळापूर्वीची तरतूद

(काशीद, तालुका मुरुड येथील ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणातून)

३ जून २०२० हा दिवस आपण विसरणे शक्य नाही. अलिबागच्या दक्षिणेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. पूर्वसूचना मिळाल्याने रायगड जिल्ह्यातील हजारो माणसे आधीच सुरक्षित स्थळी हलविता आली. परंतु नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पोफळीचे नवे रोप फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. नुकसानभरपाई मिळाली, तरी ती वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणूनच वादळापूर्वी खर्च केलेल्या रुपयाचे मोल अधिक. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के हिस्सा केवळ धोका कमी करण्याच्या कामांसाठी राखला. ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. ४० टक्के स्थानिक गरजांसाठी अबंधित होती. अशा निधीतून कोणती कामे व्हावीत, हे विकास आराखड्याद्वारे ग्रामसभाच ठरविते. आराखड्यात रस्ता सहज येतो. निवाऱ्याच्या शाळेचे भक्कम छप्पर, इशाऱ्याचा भोंगा, सुरूच्या बनाची निगा मात्र मागे राहते.

वादळाची तारीख आपल्या हाती नाही, ग्रामसभेची आहे. त्या दिवशी आपण सर्वांनी, विशेषतः भगिनींनी, अगत्याने उपस्थित राहावे, ही विनंती.