थोराड कुत्र्याचे कोरडे अन्न

ग्रेट डेनसारख्या थोराड जातीचे पिल्लू पाळणाऱ्याची सर्वसाधारण समजूत अशी की, हाडे मोठी म्हणून कॅल्शियम जितके अधिक तितके बरे. वस्तुतः जादा कॅल्शियम आतड्यातच थोपवून धरण्याची शक्ती कोवळ्या पिल्लात पुरेशी नसते. ते अंगात शिरते आणि हाडांची घडण बिघडवते. म्हणून, श्रोतेहो, कोरड्या खाद्याची पिशवी निवडताना वरचे देखणे चित्र नव्हे, तर मागची बारीक अक्षरे वाचावीत. प्रौढपणी ३२ किलो किंवा अधिक भरणाऱ्या पिल्लाच्या खाद्यात, ओलावा वगळता, कॅल्शियम शेकडा १.८ हून जास्त नसावे, असे अमेरिकेतील मानक सांगते. असे खाद्य मिळाल्यावर वेगळ्या गोळ्या देऊ नयेत. भांडेही सदैव भरलेले ठेवू नये. मुक्या जिवाच्या वतीने वाचणे हे धन्याचेच काम होय.