प्रवेशपरीक्षेची निवड : प्रतिष्ठेची की पात्रतेची?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि आठवडा उलटण्याच्या आत घरात एक प्रश्न येऊन बसतो : मुलाला जेईईला बसवायचे की सीईटीला? शेजारी एक सांगतात, मामा दुसरे सांगतात, शिकवणी वर्गाचे माहितीपत्रक तिसरेच सांगते. ज्याने दोन वर्षे अभ्यास करायचा, त्याला मात्र बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर प्रतिष्ठेच्या कल्पनेत न शोधता वस्तुस्थितीत शोधावे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढू. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत हा पर्याय आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर ‘नीट’ हाच मार्ग निश्चित झाला आणि २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश त्याच परीक्षेतून होतात. अभियांत्रिकीची कथा निराळी आहे. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे महाराष्ट्राने अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई मेन स्वीकारली. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. तेव्हापासून दोन्ही वाटा शेजारी-शेजारी चालू आहेत, आणि निवडीचा खरा प्रश्न तेथेच उद्भवतो.

या दोन वाटा कोठे पोहोचवतात? जेईई मेनमधून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांची दारे उघडतात; आपल्या राज्यात अशी संस्था म्हणजे नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था. मुंबईच्या पवईसह सर्व आयआयटींसाठी जेईई मेनमधील सुमारे अडीच लाख गुणवंतांना पुढची ‘अॅडव्हान्स्ड’ परीक्षा देता येते. सीईटीतून पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय आणि राज्यभरातील शेकडो महाविद्यालयांतील बहुसंख्य जागा भरल्या जातात. १८५४ साली स्थापन झालेली पुण्याची संस्था वा १८८७ सालची माटुंग्याची संस्था यांना दुय्यम म्हणण्याचे धाडस जाणता माणूस करणार नाही. माटुंग्याच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेत तर ७० टक्के जागा सीईटीच्या आणि ३० टक्के जागा जेईईच्या गुणवत्तेवर भरतात. तात्पर्य, सीईटी म्हणजे ‘जमले नाही म्हणून’ द्यायची परीक्षा, हा समज निराधार आहे.

आता परीक्षांचे स्वरूप पाहू. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १४४ सेकंद मिळतात. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. सीईटीत भौतिक व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना स्वतंत्र ९० मिनिटे असतात आणि प्रत्येकी दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातील सुमारे ८० टक्के भाग बारावीचा व २० टक्के अकरावीचा असतो. जेईईमध्ये दोन्ही वर्षे सारखीच महत्त्वाची. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेईई विचाराची खोली तपासते, तर सीईटी वेग आणि अचूकता तपासते. एखादा विद्यार्थी एकेका उदाहरणात रमतो, दुसरा भराभर उत्तरे देतो. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, प्रकृतीचा फरक आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पालकांनी भाषेचा मुद्दाही लक्षात घ्यावा. जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. सीईटीत भौतिक व रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतून मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच असतात. तेव्हा गणिताच्या इंग्रजी परिभाषेची ओळख अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून करून घेणे हिताचे.

सर्वाधिक गोंधळ ‘पर्सेंटाइल’ या शब्दाने होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १९,८०० जणांचे गुण आपल्या मुलाइतके वा त्याहून कमी असले, तर त्याचे पर्सेंटाइल ९९ होते. गुण शंभरापैकी साठही असू शकतील. जेईईत तुलना देशभरातील दहा लाखांहून अधिक परीक्षार्थींशी होते, सीईटीत राज्याची परीक्षा देणाऱ्यांशी. म्हणून एका परीक्षेचा आकडा दुसऱ्या परीक्षेच्या आकड्याशेजारी ठेवून मुलाला बोल लावणे, हे अज्ञान आहे आणि अन्यायही.

मग निवड करावी कशी? उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. अकरावीच्या दिवाळीपर्यंत जेवढा भाग शिकून झाला असेल, त्या भागावरचे दोन्ही परीक्षांचे जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. किती बरोबर आले यापेक्षा कोठे अडले, हे मुलाने स्वतः लिहून काढावे. संकल्पनाच उमगली नसेल तर पाया पक्का करावा. संकल्पना समजूनही वेळ पुरत नसेल तर सराव वाढवावा. त्यानंतर एक परीक्षा मुख्य ठरवावी आणि दुसरी जोडीची. जेईईचे पहिले सत्र जानेवारीत असते, मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेईईचे दुसरे सत्र एप्रिलमध्ये, आणि त्याच सुमारास सीईटीचा हंगाम सुरू होतो. जेईईची मनापासून तयारी करणाऱ्याला शेवटी वेगाच्या सरावाची जोड दिली की सीईटी आवाक्यात येते. मात्र दोन्हींचे वेगवेगळे वर्ग, वेगवेगळी पुस्तके, वेगवेगळ्या चाचण्या लावल्या, तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते.

या धावपळीत बारावीची परीक्षा उपेक्षित राहते, हे गंभीर आहे. राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेशासाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के गुण अथवा मंडळातील अव्वल २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. नुसत्या नावापुरते कनिष्ठ महाविद्यालय आणि दिवसभर शिकवणी, ही व्यवस्था प्रयोगशाळेची आणि शिक्षकांच्या सहवासाची किंमत मोजून उभी राहते. आणखी एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. राष्ट्रीय संस्थांतील निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात, आणि गृहराज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण केली त्यावरून. मुलाला कोट्याला पाठवून बारावी राजस्थानातून केली, तर नागपूरच्या संस्थेतील महाराष्ट्राच्या वाट्यावरचा त्याचा हक्क संपतो. हजारो रुपये मोजून हातचे असे सोडायचे का, याचा विचार आधी व्हावा.

पैशाचा विषय निघाला आहे, तर स्पष्ट बोलावे लागेल. भविष्यनिर्वाह निधी मोडून, दागिने गहाण ठेवून शुल्क भरणारी घरे थोडी नाहीत. त्या शुल्काचे ओझे मुलाच्या मनावर रोज जेवणाच्या ताटावर ठेवले जाते. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या : सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, खोटी आश्वासने नकोत, मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षणसंस्था व शिकवणी वर्गांना निर्देश दिले. न्यायालयाला यात लक्ष घालावे लागले, यातच प्रश्नाचे गांभीर्य आहे. पण रात्री अकरा वाजता बंद दाराआड पुस्तकावर डोके टेकून बसलेला मुलगा न्यायालयाला दिसत नाही. तो आईवडिलांनाच दिसायला हवा.

आणि मुलींचे काय? मुलाला दूरच्या शहरातील जेईईचा वर्ग आणि मुलीला गावातल्या गावात सीईटी, असा न बोलता झालेला निवाडा अनेक सुशिक्षित घरांतही आढळतो. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत मुलींना ३० टक्के आरक्षण आहे. दारे उघडी आहेत. उंबरठा घरचाच ओलांडायचा आहे. दिवाळीतली ती चाचणी तिचीही घ्यावी आणि तिच्या उत्तरपत्रिकेवरूनच ठरवावे.

शेवटी, निवड चुकली तर काय, ही भीती. जेईईचा बेत फसला तरी सीईटी आहे. अमुक महाविद्यालय मिळाले नाही तरी पदविका, मूलभूत विज्ञान आणि अन्य शाखा आहेत. प्रवेशपरीक्षा दर वर्षी येते. सतरा वर्षांच्या मुलाचा स्वतःवरील विश्वास मात्र एकदा तडकला की सांधायला फार काळ लागतो. म्हणून आज घरी गेल्यावर माहितीपत्रके क्षणभर बाजूला ठेवावीत, मुलाला वा मुलीला शेजारी बसवावे आणि विचारावे : तुला यातले काय आवडते, आणि कशाची भीती वाटते? उत्तर येईपर्यंत थांबावे. परीक्षेची निवड त्यानंतर करावी.