समुद्रकाठची गाणी, गिरणेकाठी

मी देवळ्याहून आले आहे आणि जपानी गाण्यांबद्दल बोलणार आहे. उन्हाळ्यात समुद्रकाठी बसून ऐकावीत अशी संथ, आर्त गाणी. तुम्ही म्हणाल, देवळ्यात कुठला समुद्र? आमची गिरणा मे महिन्यात चणकापूर धरणाचं आवर्तन सुटलं तर वाहते. पण तिचं पाणी तापीला मिळतं आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. वाट लांबची आहे, पण आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी आज दोन-तीनदा सांगेन. संथ गाणं शेवटपर्यंत ऐका. मध्येच तोडू नका.

उन्हाळ कांद्याचं उदाहरण घेते, कारण सध्या घरोघरी तेच काम चालू आहे. लाल कांदा काढला की लगेच बाजारात न्यावा लागतो, तो टिकत नाही. उन्हाळ कांद्याला आपण वेळ देतो. पातीसकट ओळीनं पसरतो, एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकतो, मान सुकेपर्यंत थांबतो. मग पात कापायची, सावलीत ठेवायचा, आणि नंतर चाळीत भरायचा. असा कांदा पुढे चार-पाच महिने साथ देतो. गाण्यांचंही तसंच आहे. काही गाणी लग्नाच्या मांडवात वाजवून मोकळं व्हावं अशी असतात, त्यांचा आनंद तिथल्या तिथे. काही गाणी चाळीत भरायची असतात. ती मनात उतरायला वेळ घेतात आणि मग दिवाळीपर्यंत पुरतात. जपानची समुद्रगीतं या दुसऱ्या जातीची.

तिकडचा उन्हाळा आपल्याहून उलटा येतो. आपल्याकडे आधी ऊन, मग पाऊस. जपानच्या बहुतेक भागात जून-जुलैत आधी पाऊस पडून जातो आणि मग ऑगस्टचं कडक ऊन. त्याच उन्हात, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर, त्यांचा ओबोन येतो. पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांना निरोप देताना कित्येक गावांत पाण्यावर दिवे सोडतात. आता आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवा. भर वैशाखात पितरांची घागर भरतो, माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात. ऊन, पूर्वज आणि गाणी आपल्याकडेही एकाच दिवशी येतात. म्हणून त्यांच्या उन्हाळी गाण्यांत मौज कमी आणि आठवण जास्त का, हे आमच्या कसमादे भागातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

पहिलं गाणं ‘हामाबे नो उता’, म्हणजे किनाऱ्यावरचं गाणं. शब्द हायाशी कोकेई यांचे, चाल नारिता तामेझो यांची, १९१८ साली छापून आलं. त्याची लय सहा मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी झुलणारी. लाट येते आणि परत जाते तसा सूर येतो-जातो, मध्ये एकदा वर चढतो आणि पुन्हा पहिल्या वळणावर उतरतो. पहिल्या कडव्यात माणूस सकाळी किनाऱ्यावर फिरतो आणि त्याला जुन्या गोष्टी आठवतात. दुसऱ्यात संध्याकाळ होते, आणि आठवण जुन्या माणसांकडे वळते. चाल तीच, पण एक अख्खा दिवस सरलेला असतो. पहिल्या कडव्यानंतर ज्यानं बंद केलं, त्याला ती संध्याकाळ भेटलीच नाही. पुन्हा सांगते, शेवटपर्यंत ऐका.

दुसरं गाणं माझं सर्वांत लाडकं. ‘याशी नो मी’, म्हणजे नारळ. १८९८ सालची गोष्ट. आइची भागातल्या इरागो नावाच्या भूशिरावर यानागिता कुनिओ हा तरुण उन्हाळ्यात राहायला गेला होता. पुढे जपानच्या लोकसंस्कृतीचा थोर अभ्यासक म्हणून त्याचं नाव झालं. त्याला वाळूत एक नारळ सापडला. त्या किनाऱ्यावर नारळाची झाडं नाहीत. दक्षिणेच्या कुठल्यातरी बेटावरून समुद्राच्या प्रवाहाबरोबर तो वाहत आलेला. यानागितानं ही हकीकत आपल्या मित्राला, कवी शिमाझाकी तोसोनला सांगितली, आणि तोसोननं त्यावर कविता लिहिली.

आता नीट ऐका. तोसोननं तो नारळ तिथे पाहिला नव्हता, फक्त मित्राच्या तोंडून ऐकला होता. आणि तोसोन जन्मला कुठे? किसोच्या डोंगरखोऱ्यातल्या मागोमे या गावी, समुद्रापासून दूर. जपानचं इतकं लाडकं समुद्रगीत एका डोंगरातल्या माणसानं ऐकीव गोष्टीवरून लिहिलं. तेव्हा समुद्र नाही म्हणून आपण कसं ऐकायचं, असं देवळ्यातल्या कुणीही मला म्हणू नये.

त्या कवितेला ओनाका तोराजी यांनी चाल दिली ती १९३६ साली, आणि ती त्या उन्हाळ्यात रेडिओवरून घरोघरी गेली. सगळ्यांनी मिळून म्हणावीत अशी चांगली गाणी देण्याचा तो रेडिओचा उपक्रम होता. रेडिओवरून बोलताना हे सांगायला मला फार बरं वाटतं.

या गाण्यात सुरुवातीला कवी नारळाशी बोलतो. कुठून आलास, किती महिने लाटांवर होतास, तुझं झाड अजून उभं असेल का, असं विचारतो. आणि अर्ध्यावर गाणं वळतं. नारळ मागे राहतो, कवी स्वतःकडे बघतो. मीही असाच घर सोडून वाहत आलेला आहे. तो नारळ छातीशी धरतो, समुद्रावर मावळणारा सूर्य बघतो, आणि घरी कधी जाईन या प्रश्नाशी गाणं येऊन थांबतं. अर्ध्यावर बंद केलंत तर तुम्ही नुसतं नारळाचं गाणं ऐकलंत. अर्ध्यावर तोडलेलं गाणं म्हणजे ओल्या मानेचा कांदा. चाळीत घातला तरी टिकत नाही.

आणि हे आपल्याला परकं आहे का? आपल्याच नाशिक जिल्ह्यात, भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी डिसेंबर १९०९ मध्ये इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘ने मजसी ने’ लिहिलं, ते तुम्हाला पाठ आहे. हृदयनाथांच्या चालीवर मंगेशकर भावंडांनी ते गायलं. तोसोन नारळाशी बोलतो, सावरकर थेट सागराशी. दोघांनाही घरी जायचं आहे. तोसोनचा शेवट हळवा आहे. सावरकर मात्र शेवटी सागराला अगस्तीची आठवण करून देतात. विनवणीची जागा दटावणी घेते, ती अगदी अखेरीस. आपण मुलांना पहिलं कडवं शिकवतो आणि थांबतो. अगस्तीपर्यंत न्या त्यांना!

आणि नारळ म्हटला की नारळी पौर्णिमा आलीच. आपले कोळी बांधव सोन्याचा नारळ दर्याला देतात. तिकडे दर्यानं किनाऱ्याला नारळ दिला. इकडून दिलेला, तिकडे मिळालेला... यावर मला खूप बोलायचं होतं, पण समोरून वेळेची खूण झाली आहे.

नव्या गाण्यांकडे धावत जाऊन येते. ‘सदर्न ऑल स्टार्स’ हा समुद्रकाठच्या चिगासाकीत वाढलेल्या कुवाता केइसुके यांचा बँड. त्यांचं १९९०चं ‘मानात्सु नो काजित्सु’, म्हणजे भर उन्हाळ्यातलं फळ, हे विरहाचं गाणं जरूर ऐका. त्यांचंच २०००चं ‘त्सुनामी’ हे प्रेमगीत घरोघरी पोचलं होतं. मार्च २०११मध्ये खरी त्सुनामी आली, हजारो माणसं गेली, आणि रेडिओवर ते गाणं वाजणं जवळजवळ थांबलं. गाणं तेच होतं, ऐकणाऱ्यांचं दुःख बदललं होतं.

उरलेल्या मिनिटात एकच विनंती. आज रात्री लाईट येईपर्यंत मोटारीपाशी थांबलेले असाल, किंवा गच्चीवर अंथरूण टाकलेलं असेल, तेव्हा ‘याशी नो मी’ लावा. शब्द कळणार नाहीत. नाही कळले तरी काही बिघडत नाही, गोष्ट मी सांगितली आहे. फोन उशाशी ठेवा आणि बोट पुढे सरकवू नका. शेवटचा सूर विरला की लगेच दुसरं गाणं लावू नका. दहा श्वास थांबा. आपल्या घरातलं कोण आज लांब आहे, ते तेवढ्यात आठवेल. आठवलं तर सकाळी त्याला फोन करा.