क्रियापदाची जागा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मराठी शाळेत पाल्याला घेऊन येणारा प्रत्येक पालक एक प्रश्न हमखास विचारतो : "इथे शिकून मुलाला इंग्रजी येईल ना?" प्रश्न रास्त आहे. अकरावीला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात गेल्यावर वाक्य ओठांवर अडखळल्यामुळे मागच्या बाकावर गप्प बसणारी हुशार मुले मराठी शाळांनी पाहिली आहेत. महोत्सवाच्या आनंदात ही उणीव झाकण्यापेक्षा तिचे मूळ शोधणे हिताचे.

अशा मुलांजवळ शब्द पुरेसे असतात. अडते ते शब्दांच्या क्रमापाशी. 'मुलाने सापाला पाहिले' आणि 'सापाला मुलाने पाहिले' या दोन्ही वाक्यांत पाहणारा मुलगाच राहतो, कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय नाते सांभाळतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. 'द बॉय सॉ द स्नेक' यातील नामांची अदलाबदल केली की पाहणारा साप होतो. मराठीत जे काम विभक्ती करते, ते इंग्रजीत पुष्कळदा जागा करते.

भिलाईच्या मुलांपुढे याहून एक वेगळी अडचण आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. शेजारी तेलुगू, पलीकडे ओडिया, समोर बंगाली किंवा मल्याळी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी. या साऱ्या भाषा एका गोष्टीत मराठीच्या सख्ख्या बहिणी ठरतात : त्यांचे क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. म्हणजे इंग्रजीच्या क्रमाची सवय लावणारे काहीही मुलाच्या कानांवर सहज पडत नाही. ती सवय वर्गातच लावावी लागते.

त्यासाठी घरातलेच वाक्य घ्यावे : 'बाबा सकाळी सायकलने कारखान्यात जातात.' इंग्रजीत हे होते 'फादर गोज टू द प्लांट बाय सायकल इन द मॉर्निंग.' कर्ता जागचा हलला नाही. उरलेले वाक्य मात्र आरशात पाहावे तसे उलटले. काळ, साधन, स्थळ, क्रिया असा मराठीचा क्रम. क्रिया, स्थळ, साधन, काळ असा इंग्रजीचा. 'कारखान्यात' मधला शेवटचा 'त' सुद्धा 'टू' होऊन शब्दाच्या पुढे जाऊन उभा राहिला. ही किल्ली हाती आली की मूल पाठांतरावर अवलंबून राहत नाही. स्वतःचे वाक्य स्वतः बांधू लागते.

प्रश्नवाक्यांसाठी शब्दपट्ट्यांचा खेळ उपयोगी पडतो. चार मुले पट्ट्या धरून 'शी इज अ डॉक्टर' अशी ओळीत उभी राहतात. प्रश्न करायचा म्हटला की 'इज' धरलेली मुलगी धावत ओळीच्या आरंभी येते. आपल्या पायांनी चाललेला हा नियम तिच्या ध्यानात पक्का बसतो. मग 'व्हेअर यू आर गोइंग' असे म्हणणाऱ्याला वर्गच हसून सुधारतो, आणि त्या हसण्यात हिणवणे नसते.

'पाऊस पडतो' याचे 'इट रेन्स' होताना हे 'इट' कोण, असे एखादे मूल विचारते. उत्तर असे की ते कोणीच नाही. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही. मराठीत नुसते 'आलो' म्हटले तरी भागते, इंग्रजीत 'आय' लागतेच.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे तर्खडकर हेच नाव धारण करणाऱ्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचे अवयव ओळखणाऱ्याला इंग्रजी वाक्याची बांधणी लवकर उमगते, हेच त्या अभ्यासाचे मर्म होते.

अर्थात, व्याकरण समजणे ही अर्धीच वाट. उरलेली अर्धी बोलून चालावी लागते. पालकहो, रोज जेवताना मुलाकडून दिवसभरातल्या पाच गोष्टी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत ऐका. चूक झाली तरी वाक्य पुरे होऊ द्या. माजी विद्यार्थ्यांनो, महिन्यातून एक तास या मुलांशी इंग्रजीत बोलायला या. आपण कुठे अडखळलो होतो तेही त्यांना सांगा.

मागच्या बाकावर गप्प बसणारे ते मूल उद्या उठून प्रश्न विचारू लागले, तर या हीरक महोत्सवाचे सार्थक होईल.