दोन किल्ले आणि एक नाव

पाहुण्यांना दौलताबाद दाखवणं हे मुकुंदवाडीतल्या आमच्या घरचं ठरलेलं काम. पाहुणा आला, की दुसऱ्या दिवशी एस्.टी.नं आधी किल्ला, मग वेरूळ. मी मात्र वर चढत नसे. चाँद मिनारच्या सावलीत डबे सांभाळीत बसे. गुडघे दुखतात, असं सांगत असे. खरं कारण निराळं होतं.

गेल्या वर्षी मुलाकडे जर्मनीत गेलो, तेव्हा त्यानं आम्हा सर्वांना हायडेलबर्गचा किल्ला दाखवला. नेकर नदीच्या काठी, डोंगराच्या कुशीत, तांबड्या दगडाचा हा भलाथोरला पडका राजवाडा. १६८९ आणि १६९३ साली फ्रेंच सैन्यानं तो उद्ध्वस्त केला. पुढे १७६४ साली वीज पडून उरलंसुरलं जळालं. एक बुरूज तर सुरुंगानं असा उभा फुटला आहे, की कलिंगडाची फोड कापून बाजूला ठेवावी, तसा त्याचा अखंड तुकडा खंदकात कलंडून पडलाय. भिंतीची जाडी सहा मीटरहून अधिक! मग गावकरी इथले दगड घरं बांधायला नेऊ लागले. ते थांबवण्यासाठी झटला कोण, तर शार्ल द ग्रँबेर नावाचा एक फ्रेंच माणूसच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो इथं चित्र काढायला म्हणून आला, तो इथलाच झाला.

त्या फुटक्या बुरुजापाशी दहा वर्षांच्या नातवानं विचारलं, “आजोबा, तुमच्याकडचा किल्ला कुणी फोडला?”

मी ऐटीत सांगू लागलो. आमचा किल्ला नुसता रचलेला नाही रे. डोंगरच चहूबाजूंनी उभा तासलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि वर जायला ती काळोखी अंधारी. यादवांची ती राजधानी. १२९६ साली अल्लाउद्दीन आला, तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. १६३३ साली महाबतखानानं बाहेरचे तट सुरुंगानं फोडले, तरी आतल्यांना शरण आणलं ते उपासमारीनंच.

“म्हणजे वरचं कुणीच फोडलं नाही?”

आता काय सांगावं? म्हटलं, “थोडं मी खरवडलंय.” सातवीच्या सहलीत बारादरीच्या गिलाव्यावर खिळ्यानं नाव कोरलं होतं. मित्रांनी तेव्हा पाठ थोपटली होती. मोठेपणी मात्र ते पुन्हा डोळ्यांनी पाहायची हिंमत झाली नाही.

डिसेंबरात मंडळी इकडे आली, तेव्हा नातू मला वर घेऊनच गेला. अंधारीत मोबाइलचा उजेड, डोक्यावर वटवाघळं, पायऱ्या एकसारख्या नाहीत, तीनदा बसलो. बारादरीत माझ्या नावावर आणखी चौघांनी नावं कोरलेली. आडनावाचं शेवटचं अक्षर तेवढं उरलं होतं, आणि खाली साल, १९७१.

नातवानं रुमाल काढून दोनदा घासून पाहिलं. अक्षर तसंच राहिलं, चुना तेवढा पडला. मी त्याचा हात धरला, म्हटलं, “राहू दे. आणखी चुना नको पडायला.”