गायरानांतील वेडी बाभूळ आणि तिचे फुटवे

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांची शींव ओलांडून माळाकडे गेलें असतां, गायरान म्हणून जी जमीन दाखविली जाते तिच्यावर गवतापेक्षां कांटेच अधिक दृष्टीस पडतात. जेथें मारवेल, पवन्या, डोंगरी अशीं गवतें वाढावयाचीं, तेथें वेड्या बाभळीचीं जाळीं माजलेलीं असतात. दोन-चार वर्षांनीं गांवकरी कुऱ्हाडी घेऊन तीं तोडतात, सरपण घरीं नेतात आणि माळ मोकळा झाला असें समाधान मानतात. पुढील मृग बरसून गेल्यावर पाहावें तों एकेका बुंध्यापाशीं पांच-सात फुटवे डोकें वर काढून उभे! जेथें एक खोड होतें तेथें झुडूप होतें, आणि जेथून गाय जाऊं शकत होती तेथून आतां शेळीहि जात नाहीं. यामुळें ‘हें झाड मरतच नाहीं’ अशी समजूत रूढ झाली आहे. ती खरी नव्हे. झाड मरतें, परंतु त्याचा जीव कोठें आहे हें ओळखून तेथें घाव घातला तरच मरतें. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

वेडी बाभूळ ही या भूमीची लेक नव्हे. मेक्सिको, वेस्ट इंडीजचीं बेटें व दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हें तिचें माहेर. १८७७ सालीं तिचें बीं हिंदुस्थानांत आणिलें गेलें. निकस, कोरड्या जमिनींत वाढणारें सरपणाचें झाड मिळावें, उडती वाळू थांबावी, हा हेतु होता. आणि तो हेतु तिनें पुरा केला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. गोरगरिबांच्या चुली तिनें पेटत्या ठेविल्या, तिचा कोळसा चांगला होतो, तिच्या फांद्यांचें कुंपण होतें. परंतु पाहुणी घरधनीण झाली. कच्छमधील बन्नीच्या विस्तीर्ण कुरणाचें उदाहरण सर्वश्रुत आहे. रणाचा खार पुढें सरकूं नये म्हणून १९६१ च्या सुमारास तेथें हिची लागवड झाली, आणि आज त्या कुरणाचा मोठा भाग हिनेंच व्यापला आहे. म्हशी पाळून जगणाऱ्या मालधारी लोकांचें गवत त्या प्रमाणांत आटलें.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. देशी बाभूळ व वेडी बाभूळ यांची गल्लत होतां कामा नये. देशी बाभळीचीं फुलें पिवळ्या गोंड्यांसारखीं वाटोळीं असतात व शेंग मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणीं आवळलेली असते. वेडीचीं फुलें लांबट, लोंबत्या तुऱ्यांचीं असतात व शेंग पिकल्यावर पिवळसर व गोड होते. त्या गोडीपायींच गुरें शेंगा खातात. आंतील कठीण कवचाचें बीं पुष्कळदां न पचतां शेणावाटे बाहेर पडतें, आणि पोटांतील रसांनीं कवच मऊ झाल्यामुळें व शेणाचें खत आयतें मिळाल्यामुळें जोमानें उगवतें. म्हणजे ज्या गुरांसाठीं गायरान राखावयाचें, तींच नकळत गायरानाचा शत्रु पेरीत हिंडतात.

आतां या झाडाच्या जिवाविषयीं. त्याचीं मुळें फार खोल जातात. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत एका खाणीच्या खोदाईंत याच कुळांतील झाडाचीं मुळें १७५ फूट खोल आढळल्याची १९६० ची नोंद आहे. परंतु फुटवे या खोल मुळांतून येत नाहींत. खोड व मूळ यांच्या सांध्याशीं, मातीच्या पृष्ठभागाखालीं, निद्रित डोळे असतात. झाडाचा शेंडा शाबूत असेपर्यंत शेंड्याकडून येणाऱ्या द्रव्यांमुळें हे डोळे दबलेले राहतात. कुऱ्हाडीनें खोड उडविलें कीं तो दाब उठतो. मुळांत अन्नाचा सांठा भरपूर असतोच. आणि सारे डोळे एकदम जागे होतात. तेव्हां जमिनीलगत खोड तोडणें म्हणजे झाड मारणें नव्हे, तर त्याला फुटण्यास मोकळीक देणें होय. वणवा लावण्यानेंहि हेंच घडतें. वरचें जळतें, खालचे डोळे सुरक्षित राहतात, आणि गवताचें बीं मात्र भस्म होतें.

यावरून पहिला उपाय आपोआप सुचतो. सांध्याखालीं, सुमारें एक फूट खोल, कुदळीनें मूळ तोडून डोळ्यांसह बुंधा उपसून काढावा. डोळेच निघून गेल्यावर उरलेलीं मुळें कुजून जातात. लहान रोपें तर पावसाळ्यांत जमीन ओली असतां मुळासकट उपटावीं. हा उपाय श्रमाचा खरा, पण निर्विष आहे; जेथें मनुष्यबळ आहे तेथें यापरता उपाय नाहीं.

परंतु मुरमाड, खडकाळ उतारावर प्रत्येक बुंधा खणणें शक्य नसतें, आणि खणल्यानें उताराची माती वाहून जाण्याचें भय असतें. अशा ठिकाणीं तणनाशक औषधाचा विचार येतो. औषधाचें नांव काढतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पाठीवरचा पंप येतो. माळभर फवारा मारला कीं काम संपलें असें त्यांस वाटतें. ‘रोग रेड्याला, औषध पखालीला’ ही म्हण अशांसाठींच आहे. ग्लायफोसेट हें औषध हिरवें दिसेल तें मारतें. फवाऱ्यानें बाभूळ मरो न मरो, तिच्याखालचें गवत आधीं मरतें. योग्य रीत अशी कीं, औषध केवळ बुंध्याच्या ताज्या कापावर कुंचल्यानें लावावें. जमिनीपासून दोन-तीन बोटांवर सपाट काप घ्यावा, वरचा भुसा व माती पुसून टाकावी, आणि पांच-दहा मिनिटांच्या आंत औषध लावावें. उशीर झाला तर कापाचें तोंड सुकतें व औषध आंत शिरत नाहीं. जुना बुंधा असेल तर पुन्हां ताजा काप घ्यावा. कापाकडे नीट पाहिलें तर मध्यें गडद गाभा व कडेला सालीलगत ओला थर दिसतो. गाभा मृत असतो. मुळाकडे जाणारी वाट सालीलगतच आहे. म्हणून सगळा काप भिजविण्याऐवजीं कडेचें वर्तुळ भिजवावें. एक माणूस तोडणारा व एक लावणारा, अशी जोडी असावी.

काळवेळहि महत्त्वाची. पानांत तयार झालेलें अन्न ज्या वाटेनें मुळाकडे उतरतें, त्याच वाटेनें औषध उतरतें. चैत्राच्या पालवीला अन्नाचा ओघ वर असतो, तेव्हां औषध वायां जातें. पावसाळा सरतां सरतां, आश्विन-कार्तिकांत, झाड मुळांत सांठा करूं लागतें. तो काळ उत्तम. पावसाच्या सरींत किंवा झाड पाण्यावांचून सुकलें असतां हें काम करूं नये. ग्लायफोसेट पाण्यांत मिसळावयाचें तर पाणी स्वच्छ हवें. गढूळ पाण्यांतील मातीच्या कणांना तें चिकटून निकामी होतें. मातींत तें असें निकामी होत असल्यामुळेंच पुढील वर्षीं उगवणाऱ्या नव्या रोपांवर त्याचा परिणाम होत नाहीं. तीं हातानेंच उपटावीं लागतात.

दुकानांत मिळणारें प्रत्येक तणनाशक या कामाचें नसतें. पॅराक्वाट पान जाळतें, मुळापर्यंत जात नाहीं. म्हणून फुटव्यांवर तें व्यर्थ आहे. शिवाय तें पोटांत गेल्यास त्यावर उतारा नाहीं. २,४-डी हें गवत राखून रुंद पानांचीं झाडें मारतें हें खरें. परंतु कपाशी त्याला अतिशय नाजूक आहे. वाऱ्यावर आलेल्या त्याच्या अंशानेंहि कपाशीचीं पानें वेडींवाकडीं होतात, आणि ज्या पंपानें तें मारलें त्याच पंपानें पुढें कपाशी फवारली तर पीक हातचें जातें. आपला मुलूख कपाशीचा आहे, हें विसरून चालणार नाहीं.

विषाची हयगय माणसालाहि भोंवते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले. तीं कीटकनाशकें होतीं, परंतु धडा सर्वच औषधांना लागू आहे. हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. काम चालू असतां तंबाखू-विडी नको. उरलेलें औषध पाण्याच्या बाटलींत ओतून घरांत ठेवणें तर महापाप. डब्यावरील त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व शेवटीं हिरवा. ग्लायफोसेटविषयींहि मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१५ सालीं त्यास मनुष्याला कर्करोग होण्याचें संभाव्य कारण ठरविलें. इतर कांहीं नियामक संस्थांचा निष्कर्ष वेगळा आहे. केंद्र शासनानें ऑक्टोबर २०२२ मध्यें आदेश काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वीं तालुका कृषि अधिकारी किंवा शहरांतील पैठण रस्त्यावरील कृषि विज्ञान केंद्र यांस विचारावें, आणि औषधाचें प्रमाण डब्यावरील पत्रकाबाहेर जाऊं देऊं नये. विहिरी व ओढे यांच्या काठीं औषध नकोच. तेथें कुदळच बरी.

गायरान हें एकट्याचें नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें गांवच्या गुरांच्या मोफत चराईसाठीं तें राखून ठेवितां येतें. तेव्हां झाडें तोडण्याची परवानगी, कामाचा क्रम व गुरें दूर ठेवण्याचे दिवस हें सर्व ग्रामसभेंत ठरलें पाहिजे. ज्या घरांची चूल याच सरपणावर पेटते त्यांचाहि विचार व्हावा. सारा माळ एका वर्षांत उघडा न करितां तुकड्या-तुकड्यानें काम करावें, आणि तोडलेलें लांकूड प्रथम त्या घरांस द्यावें. बोर, पळस, देशी बाभूळ यांस हात लावूं नये; गुरांना सावलीहि लागते.

आणि शेवटची गोष्ट हीच मुख्य. बाभूळ मेल्यावर जमीन उघडी राहिली तर पुढच्या पावसांत शेणांतलें बीं पुन्हां ती जागा घेईल. म्हणून मोकळ्या केलेल्या तुकड्यावर निदान एक-दोन पावसाळे चराई बंद ठेवावी, मारवेल व अंजन यांचें बीं पेरावें, आणि गवत कापून गोठ्यांत न्यावें. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें १९९० नंतरच्या दशकांत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगरावर गवत परत आणिलें. तेथें जें घडलें त्यामागें कोणतें औषध नव्हतें, गांवाचा एकमुखी निश्चय होता.

कुऱ्हाड खोड पाडते आणि कुंचला मुळाला गांठतो. परंतु बाभळीला माळावर परत येऊं न देण्याचें काम गवताच्या दाट गालिच्याचें आहे. तो गालिचा राखणें ज्या गांवास साधेल, त्या गांवास दुसऱ्या वेळीं कुंचला हातीं घेण्याचें कारण क्वचितच पडेल.