दिवाळी मिळाली का?

(खडकवासला येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



दिवाळी पंधरा दिवसांवर आली. फराळ कुणाकुणाला द्यायचा, त्याच्या याद्या आज करायच्या आहेत. त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच एका वस्तीत फराळाची पाकिटं वाटली. बायका रांगेत, देणगीदार समोर आणि मोबाईल माझ्या हातात. "मावशी, जरा इकडे बघा, हसा." मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, माणसाच्या प्रतिष्ठेवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. तरी हसा म्हणणारी मीच!

त्या रांगेत एक मावशी होत्या. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत तीन घरची धुणीभांडी करतात, रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजून विकतात. त्यांचा हसरा फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत त्यांच्या एका मालकिणीपर्यंत पोचला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या घरी ऐकायला मिळालं, "तुम्हाला संस्थेने दिलंच आहे की यंदा." दरवर्षी मिळणारा एका महिन्याचा पगार त्या वर्षी मिळाला नाही. आमचं पाकीट दोनशे रुपयांचं. बुडाले अडीच हजार.

हे मला कळलं संक्रांतीला. इतके दिवस का बोलला नाहीत, विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही एवढं प्रेमानं दिलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला झोंबलं ते हे. आपण दिलं, म्हणून तिची जीभ बांधली गेली. कृतज्ञतेचं ओझं उचलायचं कुणी, तर जिच्याकडे आधीच सगळी ओझी आहेत तिने.

पूर्वी दिवाळीला गड्याला, मोलकरणीला पोस्त द्यायचे. मालकाची मर्जी असेल तर. १९६५ च्या बोनस कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला किमान बोनस हक्काने मिळवून दिला, आणि पुढे तो किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षातून साधारण एक पगार, झाला. घरकाम करणारी त्या कायद्यात बसली नाही. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी, दिवाळीचा बोनस, हे तेव्हापासून मागण्यांत आहे. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण दिवाळी अजून पुष्कळ घरांत मर्जीवरच आहे.

देण्याची दुसरी रीतही आपल्या जवळच सापडते. इथून नदीच्या कडेने खाली गेलं की हिंगणे, आजचं कर्वेनगर. अण्णासाहेब कर्व्यांच्या तिथल्या संस्थेने मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज फंड काढला. कार्यकर्त्या दारोदार गेल्या त्या ओवाळणी मागायला. (भाऊच कशाला हवा, असं मी आज भांडेन, तो वाद चहाच्या वेळी करू.) ओवाळणी मागताना बहिणीला मान खाली घालावी लागत नाही, एवढं मात्र त्यांनी अचूक हेरलं होतं.

२०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल, असा आनंदाचा शिधा दिला. पिशवीवर पुढाऱ्यांचे फोटो होते. तो सोस एकट्या आमचाच नव्हे! पण वस्तीतल्या बायका सांगत, पैसे मोजून आणला आणि घरी लाडू वळले. तळणाचा वास आपल्या घरातून येणं ही काय चीज असते, ते तयार पाकिटात कळत नाही.

म्हणून दोन वर्षं आम्ही शिधाच देतो, वसुबारसेच्या आधी, घरी जाऊन. फोटो बंद. एका देणगीदारांनी त्यावरून हात आखडता घेतला, तेही सोसलं. यादीत एक रकाना वाढवला आहे: 'दिवाळी मिळाली का?' नाही म्हणाली आणि तिची तयारी असली, तर आमच्यातली एकजण तिच्यासोबत त्या घरी जाते. भांडायला नव्हे, बोलायला. सगळीकडे जमतं असं नाही. एका घरी दार उघडलंच नाही.

या सभागृहात मागच्या सतरंजीवर कामावरून थेट आलेल्या मावश्या बसल्या आहेत. पुढच्या खुर्च्यांवर ज्या आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींची भांडी आज सकाळी मागच्यांनी घासली. हात वर करा म्हणत नाही. फक्त शनिवारी शिधा बांधायला येण्याआधी आपापल्या घरचा तो रकाना भरून या.

त्या मावशी गेल्या भाऊबीजेला आमच्याकडे आल्या, स्टीलच्या डब्यात कडबोळी घेऊन. मी सवयीने म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला?" त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "आम्ही पण द्यायला नको का, ताई? आणि डबा रिकामा परत करू नका बरं."